लिलावात कोंबडी विकणाऱ्याचं नाव कळायलाच हवं. पटतंय का?

खुराडेकर

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण मुद्दा एकच आहे.

दोन महिन्यांपूर्वी लिलावातून चार तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या. तुरे लालबुंद, पिसं चकचकीत, हातात धरल्या तर पायांत जोर. घरी दोन आठवडे वेगळ्या ठेवल्या, काही दिसलं नाही म्हणून जुन्या कोंबड्यांत सोडल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री खुराड्यातून शिंकल्यासारखा आवाज यायला लागला. सकाळी बघतो तर एका तलंगेच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे. आठवड्याभरात माझ्या जुन्या कोंबड्यांचेही डोळे सुजले. डॉक्टरांनी तपासणी करून घेतली, मायकोप्लाझ्मा हा श्वसनाचा रोग करणारा जंतू निघाला. औषधाने लक्षणं दबतात, पण कोंबडी जन्मभर तो जंतू वागवते आणि अंड्यातून पिलालाही देते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. चार वर्षं जपलेला माझा कळप आता कुणालाही पिल्लू देण्याच्या लायकीचा राहिला नाही.

ज्याच्याकडून घेतल्या त्याला निदान कळवावं म्हणून लिलावाच्या ठिकाणी गेलो. त्याच्याकडे अजून कोंबड्या असतील, त्याही इतरांकडे जातील. उत्तर मिळालं, "नाव देत नाही. पिंजरा क्रमांक सांगा, पण त्याचा आता उपयोग नाही."

माझं म्हणणं असं: प्रत्येक पिंजऱ्यावर विकणाऱ्याचं नाव, पिल्लं कोणत्या महिन्यात निघाली ते आणि कोणत्या लसी दिल्या ते लिहिलेलं हवं. नाव नाही तर बोली नाही. तुम्हाला काय वाटतं?

मोकळादाणा

तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं, पण मागणी मला अजिबात मान्य नाही. मी विकणाऱ्यांतला आहे, म्हणून सांगतो.

लिलावाला माणूस का जातो? घरी येणारा व्यापारी एकच असतो, आणि तो सांगेल तो भाव. लिलावात दोन हात वर झाले की माझ्या कोंबडीला तिची किंमत मिळते. पाच जादा कोंबडे झाले, दोन खुडूक (अंडी थांबवून बसून राहिलेल्या) कोंबड्या नकोशा झाल्या, असा लहान माणूस तिथे येतो. त्याच्याकडे कसली लसीची नोंद असणार? हे कागद मागायला लागलात तर तो यायचा बंद होईल आणि उरतील फक्त मोठे.

दुसरं म्हणजे नावाने रोग थांबत नाही. मायकोप्लाझ्मा वागवणारी कोंबडी आपल्या घरी ठणठणीत असते. पिंजरा, प्रवास, गोंगाट, तहान यांचा ताण आला की मग तो वर येतो. विकणाऱ्याने खरोखर काही पाहिलेलं नसतं. आणि राग मानू नका, पण दोन आठवडे कमीच पडतात. या रोगाची लक्षणं दिसायला तीन आठवडेही लागू शकतात. नव्या कोंबड्या तीस दिवस वेगळ्या ठेवायचा नियम उगाच नाही.

तलंगताई

मी दोघांच्या मधली आहे. रोगाचं सोडा, आधी वयाबद्दल बोलू. लिलावात खोटं बोललं जातं ते वयाबद्दल.

एकदा "आत्ताच अंड्यावर आल्यात" असं पुकारलेला पिंजरा मी जवळून पाहिला. आत पेंढ्यावर एक छान तपकिरी अंडं. आणि कोंबड्यांच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्याशुभ्र! ज्यांना पाळण्याचा अनुभव आहे त्यांना कळेल. पांढऱ्या पाळीच्या बहुतेक जाती पांढरं अंडं देतात. अपवाद असतात, पण मला शंका आली म्हणून एक कोंबडी उचलायची परवानगी मागितली. अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंची हाडं चाचपली, मध्ये एक बोटसुद्धा नीट बसेना. अंड्यावरच्या कोंबडीची तिथे दोन-तीन बोटं सहज बसतात, आणि जागा मऊ, ओलसर, रुंद असते. ही सुकलेली, आवळलेली. पायावरचे खवले खरबरीत, उचललेले. ती कोंबडी तरुण नव्हती आणि त्या दिवसांत अंडंही देत नव्हती. ते अंडं कुठून तरी आणून ठेवलेलं होतं.

पिवळ्या पायांच्या जातीत आणखी एक खूण आहे. अंडी देत गेली की पिवळेपणा उतरत जातो: आधी अंड्याच्या जागेभोवती, मग डोळ्याभोवती, पाळी, चोच आणि सगळ्यात शेवटी पाय. म्हणजे चोच फिकी पण पाय अजून गडद पिवळे असतील तर कोंबडी काही आठवडेच अंड्यावर आहे. पायही पांढरे पडलेत तर बरेच महिने झाले.

हे सगळं घेणाऱ्याने शिकायलाच हवं, इथे मोकळादाणांचं बरोबर आहे. पण पुकारणाऱ्याच्या तोंडून खोटं वय गेलं आणि विकणाऱ्याचं नावच नाही, तर पुढच्या आठवड्यात तोच माणूस तेच अंडं पुन्हा ठेवतो. नाव हवं ते एवढ्यासाठी.

औषधपेटी

जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून एक गैरसमज दूर करते. वेगळं ठेवण्याने जे दिसून येतं तेवढंच पकडता येतं.

कोंबड्यांच्या मारेक या विषाणूजन्य रोगाचं उदाहरण घ्या. हंगेरीतल्या जोसेफ मारेक या पशुवैद्याने १९०७ मध्ये या रोगाचं वर्णन केलं. साधारण तीन-सहा महिन्यांची तलंग अचानक लंगडते, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडते. याचा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो आणि अंगावरून झडणाऱ्या कोंड्यातून हवेत पसरतो. लस दिलेली कोंबडी स्वतः वाचते, पण विषाणू घेऊ शकते आणि पसरवूही शकते. ती तीस दिवस काय, तीनशे दिवस ठेवलीत तरी तुम्हाला निरोगीच दिसेल. तुमच्या घरच्या बिनलसीच्या पिलांना मात्र तीच पुरेशी आहे. त्यामुळे कोंबडीला लस दिली होती का, हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. उत्तर "हो" असेल तरी आपल्या पिलांना लस द्यायला हवी.

आणि नाव कशाला हवं हे बघायचं तर हाँगकाँग आठवा. १९९७ मध्ये तिथे एच५एन१ बर्ड फ्लू माणसांत आला, १८ जणांना लागण झाली, त्यातले ६ दगावले. वर्षाच्या शेवटी तिथल्या १३ लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या. जिवंत कोंबड्यांचे बाजार हा संसर्गाचा मोठा दुवा होता. नंतर त्यांनी बदकं, हंस कोंबड्यांपासून वेगळे केले आणि २००१ पासून महिन्यातून एक दिवस बाजार पूर्ण रिकामा करून धुवायचा नियम केला. रोग कुठून आला याचा माग काढता आला नाही तर शेवटी सगळ्यांच्याच कोंबड्या जातात.

मोकळादाणा

औषधपेटी ताई, तो अख्ख्या शहराचा रोजचा बाजार होता. आमच्याकडे एका शेडमध्ये काही तास पिंजरे येतात आणि जातात. तेच मोजमाप लावू नका.

पण धुण्याचा मुद्दा मी मान्य करतो. बदकं वेगळी ठेवणंही मान्य. जमीन धुऊन वाळू द्यायची, मोडके लाकडी पिंजरे आत घ्यायचे नाहीत, याला कागद लागत नाही आणि लहान माणूसही त्यामुळे बाहेर पडत नाही. सुरुवात तिथून करा ना. नाव लिहून एकही जंतू मरत नाही.

पहाटपाळी

मी लिलावात पिंजरे लावायचं काम करतो. मालक नाही, त्यामुळे बाजू घ्यायचं कारण नाही. जे रोज बघतो ते लिहितो.

नावासाठी कागद वाढतील हे खरं नाही. नाव आमच्याकडे आधीच असतं! विक्री झाल्यावर पैसे कुणाला द्यायचे हे माहीत नको? प्रत्येक पिंजऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीला क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे नाव. खुराडेकरांना "उपयोग नाही" सांगितलं ते चुकीचं सांगितलं. वही असते. ती दाखवायची इच्छा नसते, कारण घेणारा उद्या थेट विकणाऱ्याच्या दारात गेला तर अडत, म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, बुडते.

बाकी वाद तुम्ही घाला, पण या धाग्यावर एक गोष्ट कुणीच बोललं नाही. दुपारपर्यंत पिंजऱ्यात काय होतं बघितलंय? चोच उघडी, पंख अंगापासून सुटलेले, तुऱ्याची टोकं निळसर. पाण्याचा डबा पहिल्या धक्क्यातच सांडलेला असतो. आणि दाखवायला म्हणून दोन्ही पाय धरून उलटी लटकवतात. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, उलटी केली की आतल्या अवयवांचं वजन हवेच्या पिशव्यांवर येतं, तिला श्वास घेणं जड जातं. मी दोन हातांनी पंख दाबून धरतो, वेळ तेवढाच लागतो. तलंगताई म्हणाल्या तसं चाचपायचं असेल तर तसंच धरून चाचपा.

आणि नवीन लोकांनो, बोली नगामागे आहे की पिंजऱ्यामागे हे आधी विचारा. एका बाईंनी पूर्ण पिंजऱ्याचा भाव समजून हात वर केला, आत सहा होत्या. सहापट पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बोली तुटली, म्हणजे पक्की झाली, की मागे घेता येत नाही.

मोकळादाणा

वहीत नाव असतं हे मला माहीत होतं, पण मी विरोध करतो तो दाखवण्याला. का ते ऐका.

समजा घेणाऱ्याने एकाच दिवशी तीन पिंजऱ्यांतून कोंबड्या घेतल्या, एका खोक्यात भरल्या आणि घरी रोग निघाला. दोष कुणाचा? किंवा त्याच्याच कळपात आधीपासून होता, आणि जुन्या कोंबड्यांमुळे नव्या आजारी पडल्या. आधी तपासणी केलेलीच नाही. तरी नाव माझं हातात आहे, म्हणून तो चार लोकांत सांगत सुटणार, "यांच्याकडून घेऊ नका." माझ्या भागात माझ्या कोंबड्यांना पुन्हा कुणी हात लावणार नाही. लहान विकणारा अशा एका बोलण्याने संपतो.

औषधपेटी

ही भीती खरी आहे. मी स्वतः असा एक माणूस पाहिलाय ज्याच्या कोंबड्या तपासणीत स्वच्छ निघाल्या, तरी नाव खराब झालं ते झालंच.

पण मोकळादाणा दादा, एक विचारू? न विकल्या गेलेल्या कोंबड्या तुम्ही परत घरी नेता. त्या कुठे ठेवता?

मोकळादाणा

पुन्हा खुराड्यात. माझ्याच तर आहेत.

औषधपेटी

त्या सकाळभर तिथल्या सगळ्या पिंजऱ्यांच्या शेजारी होत्या. विकत आणलेल्या आणि परत आलेल्या कोंबडीत रोगाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. पिंजरा आणि बुटांचंही तेच. विकणाऱ्यालाच याचा धोका सगळ्यात जास्त, कारण तो दर लिलावाला जातो.

मोकळादाणा

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तीन कोंबड्या परत आणल्या आणि पंधरा दिवसांत पिलांचा डोळ्यांचा त्रास सुरू झाला. मी हवेला दोष दिला होता. तपासणी करून घेतो.

नाव पिंजऱ्यावर टांगण्याला माझा विरोध कायम आहे. बोली तुटल्यावर घेणाऱ्याच्या पावतीवर छापा, त्याला हरकत नाही. तिथे निदान त्या विक्रीची अडत तरी बुडत नाही.

खुराडेकर

मोकळादाणांनी तीन पिंजऱ्यांचं उदाहरण दिलं, ते वाचून मी थांबलो. माझ्या चार तलंगांपैकी तीन एका पिंजऱ्यातल्या, चौथी दुसऱ्या पिंजऱ्यातली. घरी आणताना एकाच खोक्यात होत्या. बुडबुडे आधी कुणाच्या डोळ्यात दिसले ते आठवतं, पण ती कोणत्या पिंजऱ्यातली हे आता सांगता येणार नाही. मी ज्याला शोधत फिरत होतो तो माणूस कदाचित निर्दोष असेल.

तरी पावतीवर नाव आणि पिल्लं निघाल्याचा महिना, ही मागणी मी सोडत नाही. लसीचं ज्याला माहीत असेल त्याने लिहावं, नसेल त्याने "माहीत नाही" लिहावं. "माहीत नाही" वाचूनही घेणारा शहाणा होतो.

आता मी असं ठरवलंय: एका दिवशी एकाच पिंजऱ्यातून घ्यायचं. तीस दिवस लांबच्या जाळीत. आधी घरच्यांना दाणापाणी, मग नव्यांना, वेगळ्या चपला. शेवटच्या काही दिवसांत घरची एक कोंबडी त्यांच्यात सोडायची, तिला काही झालं नाही तरच मिसळायच्या.

तलंगताई

आणि ज्या खोक्यातून आणल्यात ते कुठे आहे? पुठ्ठ्याचं असेल तर जाळा. लाकडी असेल तर आज रात्री फटींवर बॅटरी मारून बघा. लाल माइट ही रक्त पिणारी बारीक कीड दिवसा कोंबडीच्या अंगावर दिसतच नाही, ती फटीत बसते, रात्री रक्त प्यायला बाहेर येते, आणि रिकाम्या पिंजऱ्यातही कित्येक महिने जगते.

खुराडेकर

लाकडी आहे. खुराड्याला टेकवून ठेवलंय. आत्ता जातो.