थर्माकोलच्या फॉर्मवर्कमध्ये (साच्यात) थंडीत काँक्रीट ओतण्याबाबत मदत हवी आहे

थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचून उभारलेल्या भिंतींत काँक्रीट ओतायचे असून त्या काळात रात्रीचे तापमान शून्याखाली जाण्याची शक्यता आहे. दोन्ही बाजूंच्या थर्माकोलमुळे सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता आत टिकते, म्हणून मला खरी काळजी वाटते ती भिंतीच्या उघड्या माथ्याची आणि त्याहून अधिक साच्यावरील दाबाची. कारण थंड काँक्रीट उशिरा घट्ट होते आणि तोवर बाजूंवरचा दाब कमी होत नाही. सुमारे १.२ मीटरच्या थरांत भरताना दोन थरांमध्ये किती अवधी ठेवावा, म्हणजे साचा फुगणार नाही आणि थरांचा सांधाही कच्चा राहणार नाही? प्रवाहीपणासाठी जादा पाणी घालणे मला मान्य नाही, कारण त्याने ताकद घटते. माथ्यावर इन्सुलेटेड ब्लँकेट किती दिवस ठेवावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.