सहा महिन्यांतून एक इंजेक्शन

बीपीच्या रोजच्या गोळ्या सुटतील असं इंजेक्शन खरंच येतंय का, असा प्रश्न विचारला जातोय. झिलेबेसिरान त्याचं नाव, पण ते अजून चाचण्यांतच आहे. ज्याच्यापासून शरीरात बीपी वाढवणारं द्रव्य तयार होतं, ते अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन यकृतात बनणंच ते कमी करतं, आणि एका डोसचा परिणाम ६ महिन्यांपर्यंत टिकलेला दिसलाय. देवगडकडच्या आमच्या वाडीत भर पावसात गोळ्या संपल्या की आई चार-चार दिवस तशीच राहते, म्हणून मला याची फार आस आहे. काळजी एकच: जुलाब-उलट्यांनी बीपी खाली गेलं तर गोळी थांबवता येते, टोचलेलं औषध काढून घेता येत नाही. अप्रोसिटेंटान या बीपीच्या दुसऱ्या एका औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, इतर औषधांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी. ती मात्र रोजचीच गोळी.