शब्दचर्चा : हर्षद संख्या

प्रश्न : भाचीच्या शाळेच्या प्रकल्पात वाक्य आहे, ‘१२३४५६७८९८७६५४३२१ ही हर्षद संख्या आहे.’ हर्षद हे कुणाचं नाव आहे का? आणि संख्या स्त्रीलिंगी, मग ‘हर्षदा’ नको का?

— नाव नाही ते. हर्ष देणारा तो हर्षद. सुखद, दुःखद याच घडणीचा शब्द. घटना स्त्रीलिंगी असूनही आपण ‘दुःखद घटना’च म्हणतो, तेव्हा ‘हर्षद संख्या’ अगदी बरोबर. शब्द दिला गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. अर्थ असा : संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजेने मूळ संख्येला निःशेष भाग गेला तर ती हर्षद.

— इथे ‘मूळ संख्या’ नको हो. गणितात २, ३, ५, ७ या मूळ संख्या. ‘त्याच संख्येला भाग गेला’ म्हणा, म्हणजे पोरांचा घोळ होणार नाही.

— मान्य. आता तुमची संख्या पाहा. अंकांची बेरीज ८१. भाग दिला की १५२४१५७८९९७१०४१ येतात, बाकी शून्य. कारण गोड आहे. ही संख्या म्हणजे १११११११११चा वर्ग. नऊ एकांचे अवयव पाडले की ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात ३ चार वेळा येतो, म्हणजे ८१. आणि अंकांची बेरीजही नेमकी तेवढीच! नऊ एकांपर्यंत गुणाकारात हातचा येत नाही, म्हणून ती उलटी वाचली तरी तीच राहते. दहा एकांचा वर्ग करा : १२३४५६७९००९८७६५४३२१. हातच्याने ८ गिळला, बेरीज ८२ झाली. विषम संख्येला ८२ने निःशेष भाग जाणं शक्यच नाही, म्हणजे ही हर्षद नव्हे. भाचीला हा गुणाकार कागदावर उभा मांडून करायला लावा. हातचा कुठे घुसतो ते डोळ्यांनी दिसेल.

— १२१, १२३२१ या माळेला कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं (आजच्या मध्य रेल्वेवरचं) स्टेशन, आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून ते नाव.

— इंग्रजी पुस्तकांत हर्षदला ‘निव्हेन संख्या’ही म्हणतात, गणितज्ञ आयव्हन निव्हेन यांच्यावरून. मराठीत लिहिताना मात्र हर्षदच लिहावं. कापरेकरांचा शब्द आहे, आपला आहे, आणि त्यात त्यांचा आनंद सरळ दिसतो.

प्रश्नकर्ता : आभार. मोठ्याने वाचताना काय म्हणायचं?

— एकं, दहं, शतं करत गेलात तर डावीकडचा १ ‘मध्य’च्या घरात पडतो, परार्धाच्या एक घर अलीकडे. पण वर्गात ‘नऊ एकांचा वर्ग’ म्हणा. फळ्यावर न लिहिताही सगळ्यांना कळेल.