लॉनमधल्या तणासाठी निवडक तणनाशक

प्रश्न: हरळीच्या लॉनमध्ये रुंद पानांचं तण आणि लव्हाळा माजलाय. टू-फोर-डी (रुंद पानांचं तण मारणारं तणनाशक) मारलं तर गवत जळेल का?

उत्तर १: लेबलवरच्या मात्रेत हरळीला सहसा धोका नाही. टू-फोर-डी दोन प्रकारांत मिळतं, त्यातलं अमाइन सॉल्टच घ्या. दुसऱ्या, एस्टर प्रकाराची वाफ उन्हात पसरते, शेजारचे टोमॅटो, गुलाब वाकडे होतात. आधी-नंतर दोन दिवस कापणी नको, फवारायला पान हवं ना!

उत्तर २: लव्हाळा त्याने मरणार नाही, खालच्या गाठी पुन्हा फुटतात. त्याला हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक मारा, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव). पिवळा पडायला दोनेक आठवडे लागतात. तोवर उपटू नका, औषध गाठीपर्यंत उतरू द्या.

उत्तर १: आणि तणनाशकाचा फवारणी पंप वेगळाच ठेवा. कापलेलं गवत कंपोस्टमध्ये टाकू नका.