मदत हवी आहे: नवा बल्ब टाकूनही डावा हेडलाइट मिणमिणतोच

रातवाट
दोन दिवस डोकं फिरलंय. गाडीचा डावा हेडलाइट मिणमिणतो. नवा बल्ब टाकला, काडीचा फरक नाही. परवा पहाटे आईला घेऊन निघायचंय, सगळा रस्ता काळोखाचा. घरच्या घरी काय करता येईल? जाणकारांनी लवकर सांगा, प्लीज.

गियरबदल
गाडी कुठली, बल्ब कुठला? अप्परवर (लांबचा झोत) मंद की डिपरवर (जवळचा)? उजवा नीट आहे का? फ्यूज पाहिलात? एवढं तरी लिहा हो, नाहीतर इथे बसून कोण काय सांगणार!

लखलख
काच पिवळी पडली असणार, माझीही पडली होती. पाणी मारत पॉलिश पेपरने घासा: आधी ८००, मग १०००, शेवटी २००० नंबर. वर रबिंग कंपाउंड. टूथपेस्टच्या नादी लागू नका, ती चमक टिकत नाही.

रातवाट
काच स्वच्छ आहे. उजवा व्यवस्थित. बल्ब तीन पायांचा, एच४. अप्पर-डिपर दोन्हींवर मंद. फ्यूज गेला असता तर पेटलाच नसता ना?

उजेडवाला
हॅलोजन काढून एलईडी टाका, विषय संपला. मी दोन वर्षं वापरतोय.

गियरबदल
अजिबात नको. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला असतो. एलईडीची चिप तिथे तंतोतंत बसली नाही की प्रकाश वर उधळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. शिवाय दोष वायरिंगमध्ये असला तर तो तसाच राहणार.

उजेडवाला
मला आजवर कुणी काही बोललं नाही.

गियरबदल
समोरून येणारा बोलायला थांबत नाही. मी स्वतः असा झोत डोळ्यांवर येऊन रस्त्याखाली उतरलोय, म्हणून सांगतोय.

तारजोड
रातवाट, एक सांगा. डिपरवर असताना मीटरमधला अप्परचा निळा दिवा किंचित पेटलेला दिसतो का?

रातवाट
हो! अंधुक पेटतो. बल्ब बदलायच्या आधीपासून. याच्याशी संबंध नसेल असं वाटून लिहिलं नाही.

तारजोड
तिथेच तर सगळं आहे. डाव्या दिव्याचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी, गेलाय. डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो उलटा अप्परच्या फिलामेंटमधून शिरून उजव्या दिव्यामार्गे अर्थ गाठतो. वाटेत निळा दिवाही पेटवतो. कपलर (बल्बच्या मागचा वायरींचा प्लग) तपकिरी झालाय किंवा वितळलाय का बघा. मग दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक कपलरच्या मागून अर्थच्या वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब. आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका.

जुनाचालक
सरसकट सांगू नका. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि तिसऱ्या पायाला थेट प्लस येतो. तिथे एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दिवा अगदी असाच मंद पेटतो. फ्यूज अजून बघितलाच नाही ना?

तारजोड
मान्य, हे माझ्याकडून राहिलं. आधी फ्यूज बघा.

हॉर्नहैराण
माझ्या स्कूटरचा हॉर्न पावसात बंद पडतो, तोही अर्थच असेल का?

गियरबदल
वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

रातवाट
फ्यूज शाबूत. मल्टिमीटरवर ४.६ व्होल्ट आले! काळ्या वायरचा माग काढत गेलो तर ती बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टला जोडलेली. वायरच्या टोकाच्या गोल लगवर (धातूच्या कडीवर) हिरवट-पांढरी पूड साचलेली, आणि बोल्ट सैल करताच वायरच्या निम्म्या तारा तुटून हातात आल्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढून नवा लग दाबून बसवला, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. आता दोन्ही दिवे सारखे, निळा दिवाही विझला. तारजोड, जुनाचालक, मनापासून आभार. बोल्टवर रंग मारू की ग्रीस पुरेल?

तारजोड
ग्रीस पुरेल, पण आधी बोल्ट घट्ट आवळा, मग वरून लावा. आणि निघण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही झोत एका उंचीवर पडतात का बघा. नवा बल्ब खाचेत तिरका बसला असेल तर तिथे लगेच कळेल.

रातवाट
आत्ताच बघितलं, डावा जरा वर होता. क्लिप नीट बसवली.