मदत हवी आहे: निःशस्त्र सिनेटच्या हाती कोणते बळ द्यावे?

नमस्कार. मी लिहीत असलेल्या कादंबरीतील काल्पनिक साम्राज्याची सिनेट सेनापतींना वेसण घालू पाहते आणि त्यासाठी मी रोमचा इतिहास समोर ठेवला आहे. इ.स. १९३ मध्ये प्रिटोरियन रक्षकदलाने, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षक सैन्याने, चक्क सम्राटपदाचा लिलाव केला. २३८ मध्ये मात्र सिनेटने तेव्हाचा सम्राट मॅक्सिमिनस थ्रॅक्स याला राष्ट्रशत्रू ठरवून प्युपिएनस आणि बाल्बिनस यांना गादीवर बसवले, पण सुमारे तीन महिन्यांतच रक्षकदलाने दोघांनाही ठार केले. पगार आणि बक्षिसी देणाऱ्यालाच सैनिक मानणार असतील, तर वाचकाला पटेल असे कोणते बळ सिनेटकडे उरते? नुसता मान्यतेचा शिक्का मला तरी पुरेसा वाटत नाही. खजिना, धान्यपुरवठा की सेनापतींचे आपसातील वैर, यांपैकी कशावर कथानक उभारावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.