अनुभव धागा: दहा वाजून गेले तरी शेजारी म्युझिक चालूच! तुमचं काय?

मळ्यातली माऊ
काल रात्री साडेअकराला जाग आली, बघते तर उशाजवळच्या तांब्यावरचं फुलपात्र आपोआप किणकिणतंय. भूतबीत नाही, मागच्या गल्लीतलं नवीन रेस्टॉरंट. अंगणात टेबलं टाकलीयत आणि कोपऱ्यात डीजे. गाणं ऐकू येतच नाही हो, नुसतं धप धप धप, तेच जास्त छळतं. झोप गेलीच म्हटल्यावर आठवलं, लहानपणी समोरचे एक अंकल बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) व्हायोलिन घोटायचे, रोज संध्याकाळी एकच तुकडा. आजोबा जाम वैतागायचे. पण नऊ वाजले की अंकल आपणहून आत जायचे आणि शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी ओढून घ्यायचे, ती अडकायची म्हणून दोन थापा मारायला लागायच्या. त्या थापा ऐकल्या की आजोबा म्हणायचे, झालं, आता झोपा.
पणजीत आमच्याकडे मळ्यात आणि तिकडे फोन्तेन्यशच्या जुन्या वस्तीत घराला घर चिकटलेलं, खोकला तरी शेजारी कळतं. रंगीत भिंतींचे फोटो काढायला या, पण त्या भिंतीमागे माणसं झोपतात! आपापले अनुभव लिहा, भांडण नको. (भांडलात तरी चालेल.)

हणजूणचो
आमच्याकडे हणजूणला येऊन राहा दोन दिवस, मग तुझं फुलपात्र तुला अंगाई वाटेल 😂 मुलाची दहावी होती त्या वर्षी कानात कापूस घालून भूमिती केली त्याने. पोलिसांना फोन केला की गाडी येते, आवाज खाली. गाडी वळणापलीकडे गेली की आवाज वर. पोरगा म्हणायचा, बाबा तुम्ही रिमोट आहात.

कायद्याचा किडा
माहितीसाठी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बंदिस्त हॉल असेल तर चालतं, पण तरी आवाजाला हद्द आहेच. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. व्यापारी भागात 65 आणि 55. सणासमारंभासाठी सरकार 12 पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. आणि माऊताई, ते धप धप मीटरवर कमीच दिसतं, कारण मोजायची जी पद्धत आहे ती कानाच्या हिशोबाने बसवलेली, खालचे सूर त्यात हलके धरले जातात. भिंत मात्र तेच सूर आत सोडते आणि वरचे अडवते. म्हणून गाणं बाहेर राहतं आणि ढोल तुमच्या उशाशी.

हणजूणचो
हो ना, "बंदिस्त हॉल" म्हणजे आमच्याकडे वर पत्रा आणि तीन बाजूंनी ताडपत्री 🙏

किचनमधून
मी त्या दुसऱ्या बाजूचा, शिव्या द्यायच्या आधी वाचा. पणजीतच छोटं बार-रेस्टॉरंट आहे आमचं, 11 टेबलं. गिऱ्हाईक जेवायलाच येतं साडेनऊला, दहाला गिटारवाल्याला थांब म्हटलं की तोंडं वाकडी, आणि सीझनच्या चार महिन्यांत कमावलं नाही तर पावसात पोरांचे पगार कुठून देऊ. तरी आम्ही स्पीकर भिंतीवरून उतरवून आतल्या बाजूला तोंड करून लावले, दहाला प्लग काढतो, मग नुसती गिटार. तरी शेजारची आंटी रोज नाराज. शेवटी एकदा विचारलं, आंटी सांगा तरी काय होतं. तर म्हणे तुझं गाणं छान असतं रे, मला पण म्हणता येतं आता, पण रात्री एक वाजता तुझी पोरं रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये ओततात ना तेव्हा मी बिछान्यात उभी राहते!! आमच्या डोक्यातच नव्हतं. आता बाटल्या सकाळी 9 नंतर, खुर्च्यांच्या पायांना रबर. आंटी रविवारी शागुती (आमचा मसालेदार रस्सा) पार्सल नेते, पैसे देते, तेही भांडून.

मळ्यातली माऊ
@किचनमधून वाचून बरं वाटलं. आमच्याकडचा मालक भेटतच नाही, मॅनेजर दर महिन्याला नवा.

बेतीवरून
आमच्या आणि पणजीच्या मध्ये अख्खी मांडवी नदी आहे तरी बोटींवरची गाणी शब्दासकट ऐकू येतात. रात्री पाण्याजवळची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता परत खाली वळतो म्हणे, फिजिक्सच्या सरांनी सांगितलेलं. सासूबाई तर नाचायच्या गाण्यांचा क्रम पण सांगतात, "आता ते लाल साडीवालं लागेल बघ." लागतंच.

नाईट ड्युटी
माझं उलटंच, मी नर्स, सकाळी 8 ला घरी येते आणि झोपते. रेस्टॉरंटवाले तेव्हा चिडीचूप, गुणी बाळं! पण दहा वाजता साऊंड चेक. "हॅलो हॅलो वन टू, वन टू." आजवर थ्री कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

बेतीवरून
😂😂😂 थ्री

म्हापसेकर
एक विचारू का, रागावू नका. दिवाळीत नरकासुराच्या रात्री आपलीच पोरं पहाटेपर्यंत ट्रकभर स्पीकर लावतात तेव्हा हा धागा कुठे असतो?

मळ्यातली माऊ
अहो तेव्हा पण शिव्या देतेच की. पण तो नरकासुराचा पुतळा पहाटे जळतो तरी. हा दर शुक्रवारी परत येतो.

कायद्याचा किडा
म्हापसेकर, मुद्दा बरोबर आहे. नियम दोघांना सारखाच.

हणजूणचो
पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू पहाटे साडेपाचला वाजतो तो कुठल्या झोनमध्ये बसतो?

किचनमधून
पोदेराला कोणी हात लावायचा नाही 😠

नाईट ड्युटी
आमच्याकडे पोदेर यायचाच बंद झाला हो. पोळी (आपला गोव्याचा पाव) कुठे चांगली मिळते पणजीजवळ सांता क्रूझ साईडला? खरी, कोंड्याची. हल्ली मैद्याची देतात.

बेतीवरून
मेसेज करते तुला.

मळ्यातली माऊ
धागा कुठून कुठे 🤦‍♀️ असो. फुलपात्राखाली रुमाल घडी करून ठेवलाय, किणकिण थांबली. आता कपाटाचं दार वाजतंय.

किचनमधून
बिजागरीत कागद घाल. आणि उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर त्या मॅनेजरकडे? चारनंतर पण, आधी बांगडे साफ करायचेत.